मशीन जोडण्याआधी: उद्यमबागेतल्या एका शॉपसाठी उत्पादन-नियंत्रणाची आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचे भाग आणि व्हॉल्व्ह बॉडी करणारा कारखाना, मच्छेला स्वतःची लहान फाउंड्री (ओतकामाचा कारखाना). मशीन शॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणाऱ्या वीसेक मशीन (सीएनसी आणि व्हीएमसी), निम्म्या नव्या, निम्म्या जुन्या. ईआरपी (कारखान्याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, पण बिलं, खरेदी आणि स्टोअरपुरतीच. पुण्याच्या ग्राहकाने प्रत्येक नगाचा हीट नंबरपर्यंत (भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूच्या क्रमांकापर्यंत) माग मागितलाय आणि त्या निमित्ताने सगळंच कॉम्प्युटरवर आणायचं मालकांनी ठरवलंय. एका सॉफ्टवेअरवाल्याने सगळ्या मशीन जोडून शॉपमध्ये मोठा स्क्रीन लावण्याचं कोटेशन दिलंय. सुरुवात कुठून करावी, जुन्या मशीनचं काय करावं, आणि शेड्यूलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं तर डिस्पॅच वेळेवर होईल का, असं तिथल्या उत्पादन विभागातल्या इंजिनिअरने विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही होणार, निदान नुसत्या त्याने नाही. डिस्पॅच चुकतं ते बहुतेक वेळा वेळापत्रक वाईट असतं म्हणून नाही. काम शॉपमध्ये सोडण्यावर कुणाचा धरबंध नसतो आणि सोडलेल्या कामाचा क्रम दिवसातून चार वेळा फोनवर बदलतो, म्हणून चुकतं. या दोन गोष्टी तशाच ठेवून सॉफ्टवेअर घेतलंत, तर रोज सकाळी एक सुंदर वेळापत्रक छापून मिळेल आणि दहा वाजेपर्यंत ते शिळं होईल.

संगणक-एकात्मिक उत्पादनाची कल्पना जोसेफ हॅरिंग्टन यांनी १९७३ साली मांडली. मग एमईएस (शॉपमधल्या कामावर नियंत्रण ठेवणारं सॉफ्टवेअर) आलं, २०११ नंतर इंडस्ट्री ४.० चा गजर सुरू झाला. नावं बदलली तरी शॉपवर रोज घ्यायचे निर्णय तेच राहिले: कुठलं काम आत सोडायचं, मशीनपुढच्या रांगेत पहिलं कुठलं लावायचं, कुठलं थांबवायचं, आणि प्लॅन मोडला की कुणी ठरवायचं. माझा आग्रह एवढाच, की आधी हे निर्णय कागदावर आखा आणि वायरिंग मागून करा. हातातल्या कोटेशनच्या प्रत्येक ओळीसमोर लिहून काढा, की या माहितीने कुणाचा कुठला निर्णय बदलणार आहे. मोठ्या स्क्रीनसमोर बहुधा काहीच लिहिता येणार नाही. पाहुणे आले की दाखवायला तो छान असतो.

आता काम सोडण्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे आणि खर्च जवळजवळ शून्य.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे. व्यवस्थेत सरासरी जितका माल पडून असतो, त्याला रोज बाहेर पडणाऱ्या मालाने भागलं की एक नग सरासरी किती दिवस आत राहतो ते कळतं. समजा, तुमच्या शॉपमधून व्हॉल्व्ह बॉडीचे रोज १२० नग पुरे होतात आणि क्रेटमध्ये, मशीनपुढे, तपासणीच्या टेबलावर मिळून १८०० नग आहेत. म्हणजे आज आत गेलेला नग साधारण १५ कामाच्या दिवसांनी बाहेर येणार. त्या नगावर प्रत्यक्ष कातकाम, होनिंग (बोअर घासून गुळगुळीत करणं), धुणं, तपासणी मिळून दीड तासही लागत नसेल. बाकी सगळा वेळ तो क्रेटमध्ये बसून असतो. तुम्ही आत ७२० नगच ठेवले आणि रोजचे १२० कायम राखले, तर तोच नग ६ दिवसांत बाहेर येईल. त्यासाठी एकही मशीन जास्त वेगाने चालवावी लागत नाही.

साखर कारखाने हे कधीपासून करतात. रोजची गाळपक्षमता बघून तोडीच्या चिठ्ठ्या निघतात; सगळा ऊस एकदम तोडून आणला तर तो यार्डात वाळतो. आपल्या शॉपमध्ये मात्र कास्टिंग आलं की पहिल्या मशीनवर चढतंच, कारण पहिली मशीन रिकामी दिसली की सुपरवायझरला बोलणी बसतात. पहिली मशीन रिकामी राहिली तर राहू दे, हे मालकांनी सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने सांगितल्याशिवाय कुठलंही नियंत्रण टिकत नाही. तुम्ही पगारी इंजिनिअर आहात, हे त्यांच्या तोंडून यायला हवं.

मर्यादा किती ठेवायची? इथे नग मोजू नका, अडणाऱ्या मशीनचे तास मोजा. तुमच्या वर्णनावरून अडतं ते होनिंगवर. ४० मिमीच्या बोअरला आणि १२५ मिमीच्या बोअरला लागणारा वेळ सारखा नसतो, त्यामुळे '५०० नग आत आहेत' या वाक्यातून काहीच कळत नाही. होनिंग दोन पाळ्यांत प्रत्यक्ष १४ तास चालत असेल, तर होनिंगच्या दाराशी दीड दिवसाचं, म्हणजे २१ तासांचं काम कायम असावं, म्हणजे आधीची एखादी मशीन बंद पडली तरी होनिंग उपाशी राहत नाही. आणि शॉपमध्ये सोडलेलं पण होनिंग न झालेलं एकूण काम, समजा, ४० तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ४० च्या खाली आलं की पुढचं जॉबकार्ड (कामाची चिठ्ठी) सुटतं, त्याआधी नाही. हे आकडे तुमच्या शॉपवर बसवून घ्यावे लागतील. मर्यादा फार खाली नेलीत तर होनिंगच थांबायला लागेल, आणि तिथे गेलेला तास कारखान्याला परत मिळत नाही. हळूहळू उतरवा. पहिले काही आठवडे हे एका फळ्यावर खडूने चाललं तरी हरकत नाही. खडूने चालत नसेल तर सर्व्हरवरही चालणार नाही.

फाउंड्रीची गोष्ट वेगळी आहे, तिला मशीन शॉपचा नियम लावू नका. तिथे घड्याळ धातूच्या हातात असतं. एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड) ओतत असाल तर मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर परिणाम मिनिटांच्या हिशोबाने उतरू लागतो. दहा मिनिटांच्या आसपास लॅडल (धातू ओतायचं भांडं) रिकामं व्हायला हवं. म्हणजे मोल्ड तयार, कोअर बसवलेले, वजनं ठेवलेली, हे सगळं असल्याशिवाय टॅपिंग (भट्टीतून धातू काढणं) करायचंच नाही. नियंत्रणाचा मुद्दा हा, की भट्टीची पुढची हीट मोल्डच्या तयारीवरून ठरावी. बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं: भट्टी तापली म्हणून मोल्डिंगवाल्यांची पळापळ, आणि मग घाईत बंद केलेल्या मोल्डमधून निघालेली वाळूच्या दोषाची कास्टिंग. शिवाय हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, एचटी (उच्चदाब) बिल बघा. त्यात कमाल मागणीचा आकार वेगळा असतो. भट्टी पूर्ण ताकदीवर, वाळूची मिक्सर, शॉट ब्लास्टिंग आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी चालले की त्या एका शिखराचे पैसे महिनाभराच्या बिलात येतात. भट्टी चढताना शॉट ब्लास्टिंग थांबवायचं एवढा एक इंटरलॉक (एक चालू असताना दुसरं चालू होऊ न देणारी सोय) सुद्धा उत्पादन-नियंत्रणच आहे. तो बसवायला एक पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) पुरतो.

यावरून कुठली गोष्ट कुठे ठेवायची हा मुद्दा येतो. आयएसए-९५ या मानकात कारखान्याचे थर पाडलेले आहेत: तळाला प्रत्यक्ष प्रक्रिया, मग सेन्सर, मग पीएलसी आणि स्काडा (प्रक्रिया स्क्रीनवर बघायची व चालवायची व्यवस्था), तिसऱ्या थरावर शॉपचं नियंत्रण, चौथ्यावर ईआरपी. मानक वाचत बसायची गरज नाही, त्यातला वेळेचा विचार तेवढा उचला. सेकंदात घडायला हवं ते पीएलसीतच राहिलं पाहिजे. मिनिटं आणि पाळी यांचा विचार तिसऱ्या थराचा. आठवडे आणि महिने ईआरपीचे. सर्व्हर बंद पडला म्हणून लॅडल थांबता कामा नये, आणि ईआरपीने मशीनला थेट हुकूम देता कामा नये. तुमच्या कोटेशनमध्ये ईआरपीतच एक मोड्यूल वाढवून मशीनचे सिग्नल थेट त्यात घ्यायचे असं आहे. तसं करू नका. ईआरपीला ऑर्डर, बिल ऑफ मटेरिअल आणि तारखा ठेवू द्या. शॉपचा हिशोब मधल्या थरात ठेवा आणि पाळीच्या शेवटी दोघांचा ताळा घ्या.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की तासातासाला वीज जाते, इंटरनेट तर त्याआधीच जातं. प्रत्येक मशीनजवळच्या, सिग्नल नोंदवणाऱ्या लहान डब्यात किमान एका पाळीची नोंद साठून राहिली पाहिजे आणि लाइन परत आली की ती वर गेली पाहिजे. अशा वेळी तीच नोंद दोनदा वर जाण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा क्रमांक हवा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने गुपचूप सोडून द्यावा. हे नसेल तर वीज गेलेल्या प्रत्येक दिवशी तुमचं उत्पादन कागदावर वाढलेलं दिसेल. सगळ्या डब्यांची घड्याळंही एकाच सर्व्हरकडून जुळवून घ्या. दोन मशीनच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक असला की आधीचं ऑपरेशन नंतर झालेलं दिसतं, आणि मग मागोवा म्हणून ग्राहकासमोर काय ठेवणार?

आता मशीन जोडणं. लोकांना वाटतं की मशीनमधून आकडा आला म्हणजे तो खरा. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलमध्ये ६७११ या पॅरामीटरमध्ये झालेल्या नगांची मोजणी असते. एम०२ किंवा एम३० (प्रोग्रॅम संपल्याचा कोड) आला, किंवा ६७१० मध्ये ठरवून दिलेला एम-कोड आला, की ती एकाने वाढते. पण सकाळी स्पिंडल गरम करायला चालवलेला प्रोग्रॅमही एम३० वर संपतो. हवेत कापून पाहिलेली ट्रायलही तशीच संपते. पहिल्या नगाचा बोअर कमी आला म्हणून तोच नग परत लावला, तर तेही मोजलं जातं. फिक्स्चरवर दोन नग लागत असतील तर मोजणी निम्मी येते. म्हणून मोजणीचा एम-कोड वेगळा ठेवा आणि तो फक्त खऱ्या प्रोग्रॅमच्या शेवटी घाला. तरीही ही संख्या 'सायकल' म्हणून घ्या, 'चांगले नग' म्हणून नाही. चांगले नग तपासणीनंतरच ठरतात. सायकल आणि चांगले नग यांच्यातली तफावत ज्या पाळीत एकदम वाढते, तिथे जाऊन बघायचं. ही तफावत मला उत्पादनाच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी वाटते.

जुन्या मशीनसाठी नवा कंट्रोल घेऊ नका. टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्यावरून रिले किंवा ऑप्टोकपलरने एक सिग्नल घेतला की मशीन चालू आहे की बंद हे कळतं, आणि तुमच्या निर्णयांना बहुतेक ठिकाणी तेवढंच लागतं. टॉवर लॅम्पही नसेल तर स्पिंडल मोटरच्या एका फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर बसवा. मॉडबस हा असे सिग्नल पाठवायचा प्रोटोकॉल १९७९ चा आहे, पण अशा कामाला आजही पुरतो. केबल मात्र नीट टाका: पिळाची शिल्डेड केबल, ड्राइव्ह आणि वेल्डिंगच्या केबलपासून वेगळ्या ट्रेमधून, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलेली. मॉडबससाठी टाकलेली आरएस-४८५ ची लाइन कागदावर १२०० मीटर जाते, पण इंडक्शन भट्टीच्या शेजारून नेलीत तर पन्नास मीटरवरही कचरा वाचेल. भट्टीच्या बाजूला फायबर टाका, तो महाग नाही. नव्या मशीनचे कंट्रोल ओपीसी यूए किंवा एमटीकनेक्ट (मशीनची माहिती बाहेर देण्याच्या प्रमाण पद्धती) देत असतील तर उत्तमच, फक्त हा पर्याय उघडण्याचे पैसे मशीनवाला वेगळे घेतो का ते खरेदीआधी विचारून घ्या.

मशीनच्या बाबतीत खरी जोखीम वेगळ्याच ठिकाणी असते: प्रोग्रॅम. पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रतींमध्ये ड्रॉइंगच्या कुठल्या रिव्हिजनची प्रत कुठल्या मशीनमध्ये आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. जॉबकार्ड स्कॅन केल्यावर त्या रिव्हिजनचाच प्रोग्रॅम मशीनवर उतरावा, आणि काम संपल्यावर मशीनमधला प्रोग्रॅम परत वाचून मूळ प्रतीशी ताडून बघावा. ऑफसेट (टूलच्या मापातली बारीक दुरुस्ती) बदलणं ऑपरेटरचं कामच आहे. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) बदलला असेल तर इंजिनिअरने बघून एक तर मान्य करावा नाहीतर मूळ प्रत परत चढवावी. चांगला ऑपरेटर फीड उगाच बदलत नाही, त्यामागे बहुतेक वेळा इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या पात्याची) तक्रार असते.

तुमच्या ग्राहकाला हवा असलेला माग सगळ्यात आधी तुटतो तो फेटलिंगच्या (कास्टिंग साफ करण्याच्या) ढिगात. हीटचा नंबर कास्टिंगवर उठलेला असतो, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्टही फाइलला असतो, पण शॉट ब्लास्टिंगनंतर दोन हीटचा माल एका ढिगात पडतो आणि उठलेला आकडा अर्धवट झिजतो. तिथे सॉफ्टवेअरचा काही इलाज नाही. एका बिनमध्ये एकच हीट, बिनला कार्ड, आणि आकडा कातकाम न होणाऱ्या पृष्ठभागावर, हे आधी बसवा. मग मशीन शॉपच्या पहिल्या ऑपरेशनला प्रत्येक नगावर डॉट-पीनने (सुईच्या ठोक्यांनी) डेटा मॅट्रिक्स (ठिपक्यांचा चौकोनी कोड) ठोका आणि त्या क्षणी तो नग त्याच्या हीटशी जोडा. डेटा मॅट्रिक्सचा काही भाग खराब झाला तरी वाचता येतो, कारण त्यात चूक दुरुस्त करणारी जादा माहिती असते. तेल आणि चिप्सच्या शॉपमध्ये बारकोडच्या स्टिकरपेक्षा तो कितीतरी बरा. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानाचे भाग बनू लागल्यापासून ज्यांना तिथलं काम घ्यायचं असतं त्यांच्याकडे अशीच मागणी होते, तेव्हा ही गुंतवणूक एका ग्राहकापुरती राहणार नाही.

'होल्ड'चा अर्थही इथेच पक्का करा. स्पेक्ट्रो किंवा कडकपणा पास झाल्याशिवाय त्या हीटच्या नगाला पुढचं ऑपरेशन सुरूच करता येऊ नये: स्कॅन केला की लाल, आणि प्रोग्रॅम उतरणार नाही. नुसता ई-मेल जाणारा होल्ड हा होल्ड नव्हे. सोबत कुलूप असलेली लाल जाळीची पेटीही लागते, कारण रात्रपाळीला घाई असली की स्क्रीनवरचं लाल कुणी बघत नाही.

बाहेरचं काम हा आपल्या भागातला मोठा गुंता आहे. अर्धं उद्यमबाग एकमेकांचं जॉबवर्क करतं. दोन लेथ घेऊन बसलेल्या शेजाऱ्याकडे ईआरपी नसणार आणि त्याच्यावर ते लादूही नये. माझ्या पद्धतीत बाहेरचा कारखाना म्हणजे आपल्याच शॉपमधली एक मशीन, जिची रांग आपल्याला दिसत नाही. तिच्या नावाने किती तासांचं काम बाहेर आहे, सरासरी किती दिवसांत परत येतं आणि तो आकडा किती हलतो, एवढं मोजा. चलनावर क्यूआर कोड छापा, माल निघताना आणि परत येताना स्कॅन करा. शेजारी व्हॉट्सॲपवर 'झालं, पाठवतो' म्हणतो ती नोंद नाही, गेटवरचं स्कॅन ही नोंद.

उष्णोपचाराला माल कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावला जात असेल तर कोगनोळीची राज्यसीमा ओलांडली की कायदा बदलतो. दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवताना ई-वे बिल काढावंच लागतं, मालाची किंमत कितीही कमी असली तरी. तुमच्या नियंत्रणाला याचा अर्थ असा, की टेम्पो भरला आणि ई-वे बिल निघालं नाही, कारण ते काढणारा लेखापाल संध्याकाळी सहाला घरी गेला, तर उष्णोपचाराची एक बॅच एक दिवस मागे जाते. म्हणून ई-वे बिल हा राउटिंगमधला (कामाच्या टप्प्यांच्या यादीतला) एक टप्पा म्हणून दाखवा, त्याला जबाबदार माणूस आणि वेळ द्या. जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षाच्या आत परत आला नाही तर जीएसटीत तो विक्री धरला जातो, आणि जॉबवर्कच्या मालाचं आयटीसी-०४ हे विवरण भरावं लागतंच. गेटचं स्कॅन नीट असेल तर तो हिशोब आपोआप तयार असतो. लेखा विभागाला या प्रकल्पाच्या बाजूने वळवायचं असेल तर ही गोष्ट आधी दाखवा.

सुट्ट्यांची दिनदर्शिका प्रत्येक साधनाची वेगळी ठेवा. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आपल्याकडे असते, कोल्हापूरच्या उष्णोपचारवाल्याची भट्टी चालू असते. जुलैत खानापूरच्या बाजूला भात लावणी सुरू झाली की पाळ्या पातळ होतात. आणि एखाद्या गावची महालक्ष्मी यात्रा आली की त्या गावचे सगळे ऑपरेटर एकदम रजेवर. यात्रेची तारीख कितीतरी आधीच गावात ठरलेली असते, पण प्लॅनिंगवाल्याला ती आदल्या आठवड्यात कळते. कुठला ऑपरेटर कुठल्या मशीनचं सेटिंग करू शकतो याचा तक्ता आणि ही दिनदर्शिका एकत्र ठेवली तर निम्मे धक्के आधी दिसतात.

स्क्रीनच्या भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मशीन शॉपमध्ये खानापूर-चंदगडकडची मराठी मुलं, गोकाक-बैलहोंगलकडची कन्नड, फेटलिंगला उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे. भाषा निवडायची सोय द्याच, पण मुळात मजकूर कमी ठेवा. मशीन थांबल्यावर कारण निवडायची बटणं आठाच्या वर नकोत. चाळीस कारणांची यादी दिलीत तर सगळे 'इतर' दाबतात. आणि कारणं ठरवताना काय बिघडलं यावरून ठरवू नका, कुणी यायला हवं यावरून ठरवा: मेंटेनन्स, टूल रूम, क्वालिटी, क्रेनवाला, स्टोअर, सुपरवायझर. बटण दाबलं की त्या माणसाला कळावं, आणि तो येऊन बंद करेपर्यंत घड्याळ त्याच्या नावावर चालावं. मग ऑपरेटर बटण मनापासून दाबतो, कारण त्यात त्याचा फायदा असतो. 'अण्णा, टूल सांगून तास झाला, कोण आलंच न्हाई' हे वाक्य सकाळच्या मीटिंगमध्ये भांडणाचं कारण न राहता एक आकडा होतं.

आता फोनचा प्रश्न. ग्राहकाची लाइन थांबणार असते, चाकणहून फोन येतो, मालक शॉपमध्ये येऊन सांगतात की हे आधी घ्या. असे फोन बंद होणार नाहीत आणि व्हायलाही नकोत; धंदा आहे. पण व्यवस्थेत त्यांना एक जागा द्या. एका वेळी शॉपमध्ये एकच तातडीचं काम, त्याला लाल कार्ड. दुसरं लाल कार्ड हवं असेल तर पहिलं पुरं व्हायला हवं किंवा काढून घ्यायला हवं. आणि लाल कार्ड देताना स्क्रीनने होनिंगचे तास मोजून दाखवावं, की या कामामुळे कुणाकुणाची कुठली ऑर्डर किती दिवस पुढे जाते. हे दिसल्यावर तातडी पुष्कळदा संध्याकाळपर्यंत थांबू शकते, असं माझ्या पाहण्यात आहे. चालू पाळी आणि पुढची पाळी गोठवलेली ठेवा. त्यात लाल कार्डाशिवाय बदल नाही. शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरची वेळ येते ती यानंतर. तेव्हाही त्याच्याकडून सगळ्या मशीनचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक मागू नका. होनिंगचा क्रम, सारख्या फिक्स्चरची कामं एकामागे एक लावणं, आणि आत काय सोडायचं, एवढं पुरे. बाकीच्या मशीनवर आधी आलेला आधी.

त्या सॉफ्टवेअरला लागणारे वेळ ईआरपीतून थेट उचलू नका. ते कॉस्टिंगसाठी भरलेले असतात; त्यात सेटिंग धरलंय की नाही, टूल बदलणं धरलंय की नाही, हे भरणाऱ्यालाही आठवत नसतं. मशीनच्या सिग्नलमधून महिनाभराचे खरे वेळ काढा आणि सरासरीऐवजी मधला आकडा (सगळे वेळ चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वापरा, नाहीतर एखाद्या जेवणाच्या सुट्टीत थांबलेल्या सायकलने सगळं फुगतं.

सुरुवात सगळ्या शॉपमध्ये एकदम करू नका. व्हॉल्व्ह बॉडीचा एक सेल घ्या: पहिल्या ऑपरेशनपासून होनिंग आणि अंतिम तपासणीपर्यंत. तिथे काही आठवडे कागद आणि स्क्रीन बरोबर चालवा, रोज दोनच ठिकाणी, होनिंगच्या आधी आणि डिस्पॅचला, प्रत्यक्ष मोजून ताळा घ्या. ताळा बसला की त्या सेलचा कागद खरोखर बंद करा. दोन्ही चालू ठेवले तर लोक सोयीचा आकडा वापरतात.

कोटेशनवाल्याला परत बोलवाल तेव्हा काही गोष्टी लेखी घ्या. कच्च्या नोंदी तुमच्या मालकीच्या, तुमच्या सर्व्हरवर, आणि त्याच्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येतील अशा. शॉपचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं. त्याला दुरून आत यायचं असेल तर तुम्ही दार उघडल्यावरच, कायमचं उघडं नाही. बोर्डाचा सर्किट नकाशा तुमच्या इलेक्ट्रिशियनकडे हवा. आयटीआय झालेला तुमचा मेंटेनन्सचा मुलगा रात्री दोन वाजता रिले बदलून मशीन परत जोडू शकला पाहिजे. गोगटे किंवा शेषगिरी इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून घेतलंत तर अहवाल आणि स्क्रीनचं कामही इथेच होईल, पण मधल्या थराचा गाभा विद्यार्थी-प्रोजेक्टवर सोडू नका, मुलं मे महिन्यात निघून जातात.

पैसे भरण्याआधी तीन आकडे काढून पाठवा: आज शॉपमध्ये पडलेले एकूण नग प्रकारवार, गेल्या महिन्यात होनिंगवर प्रत्यक्ष चाललेले तास, आणि त्याच महिन्यात किती जॉबकार्डांचा क्रम फोनवरून बदलला. तिसरा आकडा कुठे लिहिलेला नसणार. सुपरवायझरला वहीत आठवडाभर रेघा मारायला सांगा. त्यावरून होनिंगपुढची मर्यादा किती ठेवायची ते ठरवू, मग कोटेशनमधल्या कुठल्या ओळी कापायच्या ते बघू.